नऊ खाचा

माझे एकूण भाग अठरा. ढोल एक, पाठीमागची तबकडी एक, पोलादी आस एक, पितळी बुश दोन, मुठी दोन, काठीला धरून ठेवणारा पाय एक, स्क्रू पाच, दातेरी चकती एक, तिच्यावर खडखडणारी पट्टी एक, पट्टीमागची स्प्रिंग एक, चामड्याची वॉशर एक आणि ताण कमी-जास्त करायची चावी एक. वजन तीनशे नऊ ग्रॅम. पूर्वी तीनशे बारा होते. अंगावर पूर्वी ओरखडे आणि खाचा मिळून एकशे सहा खुणा होत्या, आज दहा आहेत. हे आकडे असे का बदलले, तेच मला सांगायचे आहे.

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे. मासे पकडायच्या काठीला बुडाशी जे बसवतात आणि ज्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोर, गुंडाळलेला असतो, ते. मी दिसायला चांगला नाही. हे मी खाली मान घालून सांगत नाही, कारण मला मानच नाही.

माझे मालक एका पंपाच्या कारखान्यात टर्नर होते. लेथवर फिरत्या धातूला कापून आकार देण्याचे त्यांचे काम. एका पंपाचे ओतीव झाकण सदोष निघाले आणि भंगारात गेले. त्यांनी ते साहेबांना विचारून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत रोज वीस-पंचवीस मिनिटे, अशा सात आठवड्यांत त्यातून मला काढले. त्यामुळे माझ्या तबकडीवर अजूनही पंपाच्या क्रमांकातला अर्धा आकडा आहे. तो तीन आहे की आठ, हे कोणालाच ठरवता आलेले नाही.

मला पहिल्यांदा घरी नेले तेव्हा मालकीणबाईंनी मला हातात घेतले, उलटे केले आणि हे कुठल्या पातेल्याचे झाकण आहे, असे विचारले. तळ्यावरच्या मंडळींनी तर बारसेच करून टाकले. मालक दिसले की कोणीतरी म्हणायचे, “आले झाकणवाले.” मालक हसून आपल्या जागेवर बसायचे. माझी काठीही माझ्यासारखीच. दोनदा मोडून जोडलेली, आणि जोडांवर मालकीणबाईंनी शिवणातला उरलेला दोरा गुंडाळलेला. हिरवा संपला म्हणून पुढे तपकिरी, आणि तोही संपला म्हणून शेवटचे चार वेढे जांभळ्याचे.

आता त्या नऊ खाचांविषयी. मासा गळाला लागला की जीव तोडून ओढतो. अशा वेळी ढोलाने फिरून थोडा थोडा दोर सोडायचा असतो, म्हणजे मासा दमतो. किती ओढ बसली की ढोल फिरेल, हे चावीने ठरते. चावी फार सैल असेल तर मासा सगळा दोर घेऊन जातो. फार घट्ट असेल तर दोर तुटतो, नाहीतर काठीमागचा माणूस ओढला जातो. माझा दोर तीन किलोला तुटतो. म्हणून एका दुपारी मालकांनी मला स्वयंपाकघराच्या दाराला बांधले, दोराच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावला आणि काटा ओढायला व वाचायला मालकीणबाईंना उभे केले. पाव किलोला ढोल फिरू लागला की त्या “हं” म्हणायच्या, आणि चावीची चोच जिथे असेल तिथे मालक तिकोनी कानशीने तबकडीवर खाच पाडायचे. मग अर्धा किलो, मग पाऊण. अशा नऊ खाचा, सव्वादोन किलोपर्यंत. सहाव्या खाचेला बाई म्हणाल्या, “या रिळाला एवढं मोजताय, माझ्या दाराचं बिजागर किती दिवस कुरकुरतंय ते मोजलंय का?” सातवी खाच त्यामुळे जरा वाकडी आली. हसत हसत पाडलेली आहे.

सव्वीस वर्षे आम्ही दर रविवारी तळ्यावर गेलो. मासा लागला की माझ्या दातेरी चकतीची खडखड सगळ्या काठावर ऐकू जायची. एकदा तर शेजारच्या गृहस्थांचे चकचकीत रीळ जॅम झाले आणि त्यांनी आमच्याकडून कात्री मागून स्वतःचाच दोर कापला. त्या दिवशी कोणी झाकण म्हटले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा म्हटले.

मग मालकीणबाई गेल्या. मालक मुलीकडे राहायला आले, आणि त्याच सुमारास त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. कोणी तब्येत विचारली की ते सांगतात, “उत्तम. ज्याच्याशी बोलतो तो सोडून सगळे दिसतात.” तीस वर्षे लेथवर राबलेल्या बोटांना ओढीचा अंदाजही आता येत नसे. पण अंगठ्याचे नख शाबूत होते. नख तबकडीच्या कडेवरून फिरवायचे, खाचा मोजायच्या, सहावीवर चोच आणायची. डोळ्यांचे कामच पडत नसे.

त्यांचे जावई फार चांगले आहेत, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले ते त्यांच्या चांगुलपणामुळेच घडले. ते दातांच्या कवळ्या बनवतात. गेल्या वर्षी त्यांनी सासऱ्यांना एक नवे सोनेरी रीळ भेट दिले. तळ्याजवळच्या दुकानातले सगळ्यात देखणे. कडा अशा गुळगुळीत की पाण्याचा थेंबही ठरू नये. मालकांना नाही म्हणवले नाही. मला खणात ठेवले गेले. खणात माझ्यासोबत बंद पडलेली विजेरी एक, कुलपे नसलेल्या किल्ल्या पाच आणि चष्म्याची एक काडी होती. तिथे मी चौदा महिने काढले. गंज मला चढला नाही, पण वॉशर सुकत होती, आणि माझ्याकडे करायला काहीच नव्हते म्हणून मी तिचे सुकणे ऐकत होतो.

सोनेरी रिळाच्या चावीवर एकही खूण नव्हती. मालक ती दर वेळी अंदाजाने पिळायचे. एका रविवारी ती फार घट्ट पिळली गेली. मोठा मासा लागला, ढोल हलला नाही, आणि मालक एक पाऊल, दोन पावले, असे करत गुडघाभर पाण्यात जाऊन बसले. लागले काही नाही. पण मुलगी इस्पितळात एक्स-रे काढते. वयस्कर माणसांची मोडलेली खुब्याची हाडे ती रोज काचेवर लावून बघते. तिने तिथल्या तिथे सांगितले की यापुढे ती सोबत असेल तेव्हाच तळ्यावर जायचे. तिला महिन्यातून एखादा रविवार सुटी मिळते.

“अगं, पाणी गुडघ्याएवढं होतं,” मालक म्हणाले.

“कमरेएवढं असतं तर?”

“तर पोहलो असतो.”

ती हसली नाही. पण ती त्यांचीच मुलगी, मोजून बोलणारी. शेवटी तिने अट घातली. पाण्याकाठच्या फरशीवर ती खडूने रेघ मारणार. मालकांनी रेघेच्या मागे उभे राहून, कोणाचीही मदत न घेता एक मासा काठावर आणून दाखवायचा. बूट रेघेपलीकडे गेले की संपले. दोन रविवार तिने रजा काढली. जमले तर पुढे एकटे जायला ती आडवी येणार नाही.

मालकांनी मला मागितले. ते कानावर पडले, आणि जावयांच्या मनात आले की सासऱ्यांना जुने रीळ द्यायचेच तर नव्यासारखे करून द्यावे. ते मला गुपचूप प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे कवळ्यांना चकाकी आणणारे कापडी चाक असते. त्यांनी माझे अठराही भाग सुटे केले, वॉशर बदलली, बुशांना तेल दिले. हे सगळे अगदी बरोबर. मग त्यांनी तबकडी चाकावर धरली. त्यांच्या धंद्यात खाच म्हणजे दोष. कवळीवर एवढीशी खाच राहिली तरी हिरडीला टोचते आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. एक्याण्णव, ब्याण्णव, ओरखडे जात होते आणि त्यांच्यात मिसळून नऊ खाचाही गेल्या. वाकडी सातवी सगळ्यात शेवटी गेली. तीन ग्रॅम मी त्या चाकाखाली कमी झालो.

खोटे कशाला बोलू, मित्रांनो, आरशासारखा झालो तेव्हा मला बरे वाटले होते. जावयांनी मला दिव्याखाली धरले आणि माझ्या पोटात त्यांचा चेहरा दिसला. रविवारी तळ्याजवळचे ते दुकानदार स्वतः पुढे आले, मला दोन बोटांत धरून फिरवले आणि असा नग काचेच्या कपाटात मधल्या फळीवर शोभेल, असे म्हणाले. सव्वीस वर्षांत मला कोणी शोभेल म्हटले नव्हते.

मग मालकांनी अंगठा माझ्या कडेवरून फिरवला. एकदा. दोनदा. पूर्ण वळसा घेऊन नख पुन्हा सुरुवातीला आले. जावई मागे आनंदाने उभे होते. मालकांनी चावी अंदाजाने पिळली, रेघेमागे उभे राहिले आणि चाळीस मिनिटांनी मासा लागला. ढोल फिरला नाही. मला फिरायचे होते, पण चावी जे सांगते तेच मी करतो. दोर तुटला. त्याचा आवाज लहानसाच असतो. बूट रेघेमागेच होते, पण मासा नव्हता. मुलीने खडू पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर जावयांनी विचारले, नेमके काय बिघडले. मालकांनी त्यांचे बोट धरून माझ्या कडेवरून फिरवले.

“इथं काय लागतंय?”

“काही नाही, बाबा. एकदम गुळगुळीत.”

“तेच बिघडलं, जावईबापू. इथं माझे डोळे होते.”

जावयांचे कान लाल झाले. त्यांनी लगेच प्रयोगशाळेतली हिऱ्याची बारीक चकती आणायची तयारी दाखवली; नऊच्या नऊ खाचा एकसारख्या, केसाइतक्या बारीक पाडून देईन म्हणाले. मालकांनी तिकोनी कानस मागितली. मला दाराला बांधले, काटा जावयांच्या हाती दिला. जावई काटा ओढत “हं” म्हणत होते आणि मालक न बघता, म्हणजे बाजूला बघत, कानस चालवत होते. चौथ्या खाचेला कानस घसरली आणि माझ्या आरशावर आडवा ओरखडा उमटला. जावयांनी डोळेच मिटले.

“बाबा, जरा हळू. वाकडी आली.”

“वाकडी असू दे. नखाला लागली पाहिजे.”

दुकानदारांनी मला पुन्हा पाहिले तेव्हा ते खरोखर हळहळले. चांगल्या मालाची माती केली, म्हणाले. त्यांच्या कपाटातल्या सोनेरी, निळ्या, लाल मंडळींनीही माझ्याकडे पाहिले असेल. त्यांना आणि तुम्हाला मला हेच सांगायचे आहे. रूपाला काही किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्या काठीवरचा जांभळा दोरा मला आवडतो, आणि तो तुटला तर मी रडेन. पण माझ्या अंगावर काय शोभते, हे लांबून बघणाऱ्याने ठरवायचे नाही. माझी कडा एका अंगठ्यासाठी आहे. त्या अंगठ्याला जे कळते ते माझे रूप, आणि ज्याला ते कुरूप वाटते त्याने खुशाल दुसरीकडे बघावे. माझे मालकही दुसरीकडेच बघतात, त्यांना त्यातूनच दिसते. मला काचेच्या कपाटात जायचे नाही. मला मधली फळी नको. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला तेल द्या, तिची वॉशर वेळेवर बदला, तिला खणात सुकवू नका. आणि तिच्यावरचा डाग पुसण्याआधी तो कोणी आणि कशासाठी पाडला, हे विचारा. विचारायला फार तर एक मिनिट लागते.

दुसऱ्या रविवारी वारा होता. मुलीने रेघ मारली आणि दहा पावले मागे जाऊन ती दगडावर बसली. जावई तिच्या शेजारी बसले, आणि हात पुढे जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. मालकांनी नख फिरवले. एक, दोन, तीन, वाकडी चौथी, पाच, सहा. चोच सहावीवर बसली.

दीड तास काहीच झाले नाही. मग दोर बाजूला सरकला, काठी वाकली, आणि मी फिरलो. चौदा महिन्यांची आणि एका रविवारची सगळी खडखड मी तेव्हा केली. मासा ओढी तेव्हा मी दोर देई, तो थांबे तेव्हा मालक मुठी फिरवून परत घेत. दोर तुटला नाही. मालक सरकले नाहीत. मासा अगदी काठाशी आला तेव्हा त्यांनी तो दिसावा म्हणून मान उजवीकडे वळवली, डाव्या हाताने लांब दांड्याची जाळी पाण्यात घातली आणि उचलली.

मुलगी दगडावरून उठून आली. तिने पिशवीतून आधी काटा काढला, मग मोजपट्टी. “बाबा, हलू नका,” ती म्हणाली, आणि फरशीवर गुडघे टेकून बसली.

वेळ, मासा लागल्यापासून जाळीत येईपर्यंत: एकोणीस मिनिटे. वजन, जाळी वजा करून: दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. रेघ आणि तिच्यामागे असलेली बुटांची टोके यांमधले अंतर: अकरा सेंटिमीटर.