मागच्या डाव्या चाकाचे बोल्ट

दाभोशाच्या उतारावर सुकऱ्याने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला.

जीपमध्ये जव्हारच्या बाजारातून परतणारी माणसं दाटीवाटीने बसली होती, दोघं मागे लटकलेली. पुढे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे थेट नदीची बाजू. सुकऱ्याने पायडल पुन्हा पुन्हा मारून पाहिलं. मग गियर खाली ओढला, स्टेअरिंग डोंगराकडे फिरवलं आणि जीप मातीच्या दरडीत घुसवली. बायका किंचाळल्या, टोपल्या उडाल्या. धूळ बसल्यावर कळलं की सगळे जिवंत आहेत. कोंडीआजीचा हात मात्र बाकाच्या पाइपात अडकून मोडला होता.

"सुकऱ्यानं वाचवलं," असं गावात सगळे म्हणत होते. पण सुकऱ्याला ते ऐकवेना. ब्रेक असा एकाएकी जाईलच कसा, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. ब्रेक महिनाभर जरा नरम लागत होता, हे खरं. पण जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून जीप घराजवळ आणली. सुकऱ्याने जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, ड्रम ठोकून सोडवला. आतून सगळा ब्रेक ऑइलने भिजलेला. चाकाचा ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर गळून ऑइल संपलं होतं. नवा सिलिंडर बसवायचा तर तो ज्या प्लेटवर बसतो तिच्या मागचे दोन बोल्ट खोलायला हवेत. तो चाकाच्या मागे जमिनीवर आडवा झाला, बोटाने चिखल खरवडला, आणि तसाच पडून राहिला.

दोन्ही बोल्टची डोकी गोल झाली होती. सहाच्या सहा कोपरे गेलेले, लोखंडाचे बारीक टवके वर आलेले. जीप घेतल्यापासून त्याने स्वतः या बोल्टना पाना लावलेला नव्हता. आणि टवक्यांवरचा गंज कोवळा होता, तांबूस. बाकीच्या प्लेटवरचा गंज जुना, काळा.

म्हणजे कोणीतरी इथे हात घातला होता, आणि तोही अलीकडे.

सुकऱ्या आठवू लागला. दिवाळीनंतर तो जुने टायर आणायला भिवंडीला गेला होता. तेवढाच वेळ जीप घराशी एकटी उभी होती. त्याने आपले पाने काढून पाहिले. जीप जुनी, तिचे सगळे बोल्ट इंची मापाचे; त्याच्याकडचे पानेही इंची. बोल्ट असे गोल होतात ते मापाचा नसलेला पाना जोर लावून फिरवला तर. एमएमचा पाना इंची बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की सटकतो. गावात एमएमचे पाने एकाकडेच होते. तुकाकडे.

तुका हा सुकऱ्याच्या बायकोचा, हौशीचा, धाकटा भाऊ. ठाण्याला ड्रायव्हरकी करून परत आला होता आणि त्याने नव्या बनावटीची जीप आणली होती. दोघं एकाच रस्त्यावर गाडी चालवायचे. होळीच्या सुमाराला जव्हारच्या स्टँडवर गाडी भरायच्या नंबरावरून दोघांची जुंपली होती, गचांडी धरण्यापर्यंत. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यात बोलणं बंद होतं.

रात्री जेवताना सुकऱ्या मुद्दाम म्हणाला, "ब्रेकच्या बोल्टना कोणीतरी पाना घातलाय."

भाकरी थापणारा हौशीचा हात थांबला. "गाडी जुनी झाली," ती म्हणाली. "झिजलं असंल."

"झिजलं नाय. पान्यानं गोल केलंय."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि चुलीत लाकूड सारलं. 'कोणी?' असं तिने विचारलं नाही.

ते सुकऱ्याच्या मनात रुतून बसलं. आपल्या नवऱ्याच्या गाडीला कोणी हात लावला हे कळल्यावर कुठली बायको विचारणार नाही? त्यानंतर तो तिच्याकडे पाहत राहिला. ती विहिरीवर जाताना, गोठ्यात, पोरांना निजवताना. कोंडीआजीचं नाव निघालं की ती उठून जायची. एकदा तो अचानक घरात आला तर ती डोळे पुसत होती. "धूर," ती म्हणाली. चूल विझलेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मिरच्या घेऊन जव्हारला निघाली. सुकऱ्या दुसऱ्या जीपने तिच्या मागोमाग गेला. तिने बाजारात टोपली एका ओळखीच्या बाईकडे ठेवली आणि पिठाच्या गिरणीच्या मागे गेली. तिथे तुका उभा होता. सुकऱ्या कोपऱ्याआडून बघत होता. गिरणीच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. हौशी हात जोडून काहीतरी विनवत होती. तुका मान हलवत होता, नाही, नाही. शेवटी तो तिचा हात झटकून निघून गेला.

सुकऱ्याला आणखी काही पाहायची गरज वाटली नाही. बहिणीला ठाऊक आहे, आणि ती भावाला पाठीशी घालते आहे. त्या ब्रेक गेलेल्या जीपमध्ये दर बाजाराला त्याची स्वतःची पोरं बसायची.

तो तडक स्टँडवर गेला. तिथे गाड्यांचे नंबर लावणारा म्हातारा ड्रायव्हर सोम्या बिडी ओढत बसला होता. चारचौघांत, मोठ्याने, सुकऱ्या म्हणाला, "माझा ब्रेक गेला नाय, घालवलाय. तुकानं. बोल्टवर त्याच्या पान्याच्या खुणा हायेत. ज्याला बघायचं त्यानं घरी येऊन बघा."

बातमी त्याच्या आधी दाभोशाला पोचली. दुसऱ्या दिवसापासून तुकाच्या जीपकडे कोणी फिरकेना. नंबर त्याचा असला तरी माणसं मागच्या गाडीसाठी थांबायची. बायका पोरांना त्याच्यापासून बाजूला ओढायच्या. तुका रिकामी गाडी घेऊन यायचा, रिकामी घेऊन जायचा. तो कोणाशी भांडला नाही. सुकऱ्याला वाटलं, खोट आहे म्हणूनच गप्प आहे.

नवा सिलिंडर आणला तरी बोल्ट निघेनात. सुकऱ्याने त्यांवर रॉकेल सोडून ठेवलं, हातोडीने चारी बाजूंनी टकटक ठोकलं, पुन्हा रॉकेल सोडलं. गोल डोक्यावर कुठलाच पाना धरत नव्हता. मग त्याने कानस घेतली आणि आडवं पडूनच डोक्याच्या दोन बाजू घासून सपाट केल्या. एक नंबर लहान पाना हातोडीने ठोकून त्यावर बसवला आणि अंग टाकून ओढला. कर्र्र आवाज झाला. पहिला बोल्ट हलला.

दुसरा त्याहून हट्टी. तिथे कानस पोचेना. छन्नी डोक्याच्या कडेवर तिरपी धरून तो ठोकत राहिला. हात सोलवटले, डोळ्यांत गंज गेला. शेवटी बोल्ट केसभर सरकला, मग आणखी थोडा, आणि बाहेर आला.

सुकऱ्याने तो पायजम्याला पुसून उन्हात धरला. आट्यांमध्ये काळा, घट्ट, जुना गंज भरला होता. पहिला बोल्ट पाहिला, त्यातही तसाच. हे बोल्ट कित्येक वर्षांत जागचे हललेच नव्हते. पाना लावणाऱ्याने डोकी गोल केली, पण त्याला ते खोलता आले नव्हते. मग त्याने केलं काय?

सुकऱ्या पुन्हा चाकामागे वाकला. बोल्टच्या शेजारीच ब्रेकच्या नळीचा नट होता. कोणाचा जीव घ्यायचा असेल तर तो नट अर्धा फेरा ढिला केला की काम झालं, पोरसुद्धा करील. त्याला कोणी शिवलं नव्हतं. सिलिंडरचं रबर उलटून पाहिलं तर कुजून फाटलेलं, आपोआप. बोल्टशी एवढी झटापट कोणी करेल ती एकाच कामासाठी. सिलिंडर बदलायचा असेल तर.

तो बोल्ट हातात घेऊनच घरात गेला. हौशी तांदूळ पाखडत होती.

"तुका इथं आलता," तो म्हणाला. "मी भिवंडीला होतो तेव्हा. कशाला आलता?"

हौशीने सूप खाली ठेवलं.

"मी बोलवला त्याला," ती म्हणाली. "दिवाळीच्या बाजाराला मी पोरांना घेऊन तुझ्या बाजूला बसलेली. उतारावर तू ब्रेक तीन-तीनदा मारीत होतास. मी बोलले, गॅरेजला दाखव. तू बोललास, बाईमाणसानं गाडीत डोकं घालू नये. मंग मी भावाला बोलवला. तो सकाळपासून लागलेला. बोल्ट काय निघंनात, उलट गोल झालं. तो घाबरला. बोलला, दाजीला सांग, गाडी रस्त्यावर काढू नको."

"मंग सांगितलं का नाय?"

"सांगणार कसं? त्याचं नाव काढलं तरी तू ताट सारायचास." तिचा आवाज फुटला. "गॅरेजला ने, गॅरेजला ने, म्हणून किती वेळा बोलले मी. तू नेलीस? आणि कोंडीआजीचा हात मोडला. त्या दिशी बाजारात मी तुकाला बोलले, चल, दोघं मिळून सांगू. तो बोलला, आता सांगून कोण ऐकंल? आता मीच केला म्हणतील." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि तू गिरणीच्या मागं उभा होतास. मी बघितला तुला. माझ्या पाळतीवर आलास."

सुकऱ्याने बोल्ट तिच्या सुपाशेजारी ठेवला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चालत आणि मिळेल त्या गाडीने जव्हारला पोचला. सोम्यासमोर उभं राहून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुकानं माझी गाडी बिघडवली नाय. नीट करायला आलता. सिलिंडर माझाच गळत होता, मीच बघितला नाय. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

कोणीतरी हसलं. "त्या दिशी एक, आज एक. मेहुण्यानं दम दिला काय रं?"

तुका आपल्या रिकाम्या जीपमध्ये बसून होता. त्याने ऐकलं होतं, पण मान वळवली नाही. सुकऱ्या दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"उतर," तुका म्हणाला.

"दाभोशाला जायचंय."

"माझ्या गाडीत नाय. लोकांम्होरं माझी इज्जत घालवलीस, आता शेजारी बसतोस?"

"शिव्या दे. पण हाकलू नको. बघू दे लोकांना, मी कोणाच्या गाडीत बसतो ते."

तुकाने दात आवळले. एवढ्यात दवाखान्यातून परतणारी कोंडीआजी नातीच्या आधाराने आली. हात गळ्यात बांधलेला. तिने गाडीत वाकून पाहिलं. "ब्रेक लागतो काय रं याचा?"

"लागतो, आजी," तुका म्हणाला.

"मंग बसते. उभं राहवत नाय मला."

ती बसली. थोड्या वेळाने आणखी दोघी आल्या, एकमेकींकडे बघत, काठावर टेकून बसल्या. गाडी भरली नाहीच. तुकाने तशीच सुरू केली.

उतार लागला तशी सुकऱ्याने समोरची दांडी घट्ट धरली. तुकाने ते पाहिलं, गाडी एकदम हळू केली आणि वळणावर पुरती थांबवून दाखवली. मागून आजी म्हणाली, "बरं झालं, चल आता." तुका हसला नाही. पण त्या दिवसानंतर तो स्टँडवर सुकऱ्याला ओळख देऊ लागला, आणि संक्रांतीपर्यंत त्याच्या गाडीत पहिल्यासारखी माणसं बसू लागली.

सुकऱ्याची जीप नव्या सिलिंडरवर पुन्हा रस्त्याला लागली. ब्रेक आता दगडासारखा कडक लागायचा. हौशी मात्र तिच्यात बसली नाही. बाजाराच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन ती पुढच्या पाड्यापर्यंत चालत जायची आणि तिथून दुसऱ्या कुणाची गाडी धरायची. सुकऱ्या जीप तिच्या जवळ नेऊन हळू करायचा. "बस ना," म्हणायचा.

"जा तू," ती म्हणायची, आणि रस्त्याच्या कडेने चालत राहायची.