आत्याचा वरचा जबडा

जागृतीने दुसरा टाका कापला, चिमट्याने धागा हळूच ओढला आणि हात तिथेच थांबवला. धाग्याच्या टोकाला साखरेच्या दाण्याएवढा एक पांढरा कण चिकटून आला होता. तो आतच राहायला हवा होता. बारा दिवसांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने असे शेकडो कण आत्याच्या वरच्या जबड्यात भरले होते, त्यावर पातळ पडदा अंथरला होता आणि हिरडी ओढून शिवून टाकली होती. आता शिवणीची एक कड उचलली होती. तिचा रंग गुलाबी नव्हता, भिजलेल्या कागदासारखा करडा होता.

तिने कण गॉझवर पुसला आणि गॉझ दुमडला. प्रेरणा चार वर्षांपासून या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे दुमडलेल्या गॉझचा अर्थ तिला कळत होता. तिने दिवा तेवढा थोडा खाली ओढून दिला.

बाकीचे टाके पुढच्या आठवड्यात काढू, असं जागृतीने सांगितलं. खुर्चीत आ वासून बसलेल्या आत्याने लगेच मान डोलावली. पेशंट म्हणून आत्या फारच गुणी होती. सांगितलं तेवढं करायचं, जास्त विचारायचं नाही, आणि तोंड मिटायला सांगेपर्यंत उघडं ठेवायचं.

आत्या म्हणजे नाचणगावच्या जिजाबाई. तीस वर्षं अंगणवाडी चालवून त्या घरी बसल्या होत्या, पण गावात अजून अर्ध्या लोकांना त्यांच्यासमोर मोठ्याने बोलायची हिंमत होत नसे. जागृती चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि भावाची ही पोर आत्याने घरी आणली. स्वतःला मूलबाळ नव्हतं. पुढे शाळा, पुलगावचं कॉलेज, मग दातांची डॉक्टरकी, सगळं आत्याच्या धाकात पार पडलं. आता बोरगाव मेघेच्या रस्त्यावर जागृतीच्या नावाची पाटी होती आणि वर्ध्याला आली की आत्या आधी ती पाटी पदराने पुसायची, मगच आत यायची.

विहारात आखाडीच्या पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि बावीस वर्षं ते आत्यानेच केलं होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवर ठेवून ती वाचायची, आणि तिचा आवाज बाहेर चपला काढणाऱ्या माणसालाही नीट ऐकू जायचा. मग वरचे दात एकेक करत गेले. कवळी बसवली, पण वरच्या जबड्यात तिला धरून ठेवायला हाडच उरलेलं नव्हतं. मागच्या वर्षी एका ओळीच्या मध्येच कवळी सुटली आणि उघड्या पानावर पडली. कोणीतरी हसलं. आत्याने पान पदराने पुसलं, ग्रंथ शेजारच्या लीलाबाईंच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या रांगेत बसू लागली. हे जागृतीला लीलाबाईंकडून कळलं तेव्हा तिला इतका राग आला की तो कोणावर काढावा हेच सुचेना. तिने आत्याला शब्द दिला, पक्के दात बसवून देते, तूच वाचशील.

पक्के दात म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, आणि त्यांना आधी हाड हवं. आत्याच्या एक्स-रे फोटोत ते पापडाएवढं पातळ दिसत होतं आणि त्याच्या वर लगेच नाकाशेजारची हवेची पोकळी. त्या पोकळीचा तळ अलगद वर उचलायचा, खाली हाडाची पूड भरायची आणि सहा महिने वाट बघायची. पूड कोणाच्या हाडाची, असं आत्याने विचारलं होतं. बैलाच्या, शुद्ध केलेली असते, असं जागृतीने सांगितल्यावर आत्या म्हणाली होती की मग आता जेवण झाल्यावर गोठ्यात बसून रवंथ करावं लागेल. दोघी खूप हसल्या होत्या. अशी शस्त्रक्रिया जागृतीने कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली कितीतरी वेळा केली होती, पण एकटीने केलेली ही पहिलीच.

पुढच्या आठवड्यात शिवण पूर्ण उकललेली होती. जागृतीने एकेक करून सगळं विचारलं. नाक शिंकरलं का? नाही. शिंक आली तर तोंड उघडून दिली का? दिली. गरम चहा, कडक भाकर, फुटाणे? आत्याने पिशवीतून घडी केलेला कागद काढून दाखवला. जागृतीने दिलेल्या सूचनांचा तो कागद तिने घरी आरशाला लावला होता, आणि आज पुरावा म्हणून सोबत आणला होता. त्यातली एक ओळ तर ती दुसऱ्यांवरही चालवत होती. तिला बसस्टँडवरून घेऊन आलेल्या लहानू ऑटोवाल्याला तिने खर्रा थुंकायला लावला होता, कारण कागदावर तंबाखू, खर्रा, बिडी बंद असं लिहिलेलं होतं.

जागृतीने आत्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला. पू झाला की आधी वासाने कळतं. तसला वास नव्हता. होता तो किंचित जळका, किंचित गोडसर, तिच्या लहानपणच्या प्रत्येक सकाळचा वास. तिला एकदम बरं वाटलं.

तिने सरांना फोन लावला. सरांनी पहिलाच प्रश्न तंबाखूचा विचारला.

"नाही सर. माझी आत्या आहे ती," जागृती म्हणाली.

मग साखर बघ, असं सर म्हणाले. साखर तिने बघितली. ती तिच्या स्वतःच्या साखरेपेक्षा चांगली निघाली. तिने औषध बदललं, जखम धुतली, पुन्हा दोन टाके घातले आणि आत्याला बजावून सांगितलं की ती जागा एकदम स्वच्छ ठेव, बाकी काही करू नको. आत्याने हो म्हटलं.

सहाव्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. ती आधी जागृतीच्या जेवणाची चौकशी करत राहिली, मग सहज सांगावं तसं म्हणाली:

"चूळ भरली का पानी नाकातून येते बाई. असं होते काय?"

होतं असं, घाबरू नको, मी उद्या येतेच, असं जागृतीने सांगितलं आणि फोन ठेवला. असं होत नाही. तोंड आणि पोकळी यांच्या मधलं छप्पर गेलं तरच असं होतं. पूड वाहून गेली होती आणि तिच्याबरोबर आधी होतं ते पापडासारखं हाडही गेलं असणार. कशाने गेलं ते काही केल्या कळत नव्हतं. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली.

त्या दिवशी दुपारी गिरडहून एक बाई आल्या, हिरड्या सुजल्या म्हणून. बाहेरच्या टेबलावर प्रेरणा त्यांचा केसपेपर भरत होती. आत हात धुताना जागृतीला सगळं ऐकू येत होतं. नाव, वय, बीपी. मग प्रेरणाने, जागृतीनेच शिकवलं होतं तसं, विचारलं:

"मावशी, दात कशानं घासता?"

"नसनं. अजून कशानं?"

जागृतीने नळ बंद केला नाही. बायांना तंबाखू खाता का असं विचारायचंच नाही, दात कशाने घासता असं विचारायचं, हे तिने प्रेरणाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची, की झाली नस. ती बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात आणि थोडी खालच्या ओठात राहू देतात. ती खायची नसते, त्यामुळे तिला तंबाखू कोणी म्हणत नाही. शपथेवर विचारलं तरी बाई नाही म्हणेल आणि खोटं बोलल्याचं पाप तिला लागणार नाही.

गिरडच्या बाईंना तिने तपासलं. नस घासणाऱ्या आणि खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचा ओठ आणि गाल उलटून ती बघायचीच. जखम असेल, झोंबत असेल तर ती फारशी घाबरत नसे. पुसून जात नाही आणि दुखतही नाही असा पांढरा डाग दिसला, की ती त्या माणसाला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायची, तुकडा काढून कॅन्सरसाठी तपासायला. या बाईंना तसं काही नव्हतं. जागृतीने औषध लिहून दिलं. मग कपाटातून आत्याचा केसपेपर काढला.

तो तिने स्वतः भरलेला होता. भरताना आत्या लहानूच्या पोरीच्या सोयरिकीचं काहीतरी सांगत होती आणि ती हसत हसत लिहीत होती. व्यसन, नाही. अक्षर कुठे अडखळलंही नव्हतं. आत्याच्या खालच्या दातांच्या मुळाशी काळ्या रेघा होत्या, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. घरात सगळे विहिरीच्या पाण्याला दोष द्यायचे, आणि दातांची डॉक्टर झाल्यावरही तिने तो पाण्यावरच राहू दिला होता. ओळीवर फिरणाऱ्या त्या बोटाचं टोक तपकिरी असायचं. जबड्याचे इतके फोटो काढले, इतक्या वेळा तोंडात दिवा लावला, पण प्रत्येक वेळी ती वरच बघत होती. खाली बघण्यासारखं काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरायच्या आत ती नाचणगावला पोचली. फाटक उघडंच होतं. आत्या न्हाणीजवळच्या दगडावर उकिडवी बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या आणि पावडरचा जुना डबा. डोळे मिटून ती वरच्या हिरडीवरून बोट फिरवत होती, लहान लेकराच्या हिरडीवरून फिरवावं तसं, अगदी हळू. तिने चूळ भरली. थोडं काळपट पाणी नाकातून ओठावर आलं, ते तिने पदराने टिपलं आणि मग तिला जागृती दिसली.

"इतक्या सकाळी काऊन आली, माय? चहा तरी घेतला काय?"

जागृती तिच्यासमोर खाली बसली. डबा उचलून तिने वास घेतला. तोच, जळका आणि गोडसर. याच दगडावर आत्याच्या गुडघ्यांमध्ये बसून तिने वेणी घालून घेतली होती, पाढे म्हटले होते.

"हे कितीदा लावते आत्या?"

"पयले सकाळीच लावत होतो. तू म्हनली जागा साफ ठेव, तं आता तीनदा लावतो. टाक्यावर अलगद लावतो, दाबत नाई." मग डब्याकडे बघून ती हसली. "तूच तं भाजून देत होती शाळेतून आली का. धूर डोळ्यात जाये अन् रडे."

हे जागृती विसरली नव्हती. तो मोठा तवा, सराट्याने परतायची ती काळी पानं, शाबासकी म्हणून मिळणारा गुळाचा खडा, सगळं तिच्या लक्षात होतं. ती तंबाखू होती हेच तेवढं कधी लक्षात आलं नव्हतं.

"त्या कागदावर तंबाखू बंद लिहिलं होतं, आत्या."

"तंबाखू मी जन्मात खाल्ली नाई," आत्या दुखावून म्हणाली. मग तिने जागृतीच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. आत्याने आपलं तपकिरी बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

"मी चुकली काय, माय?"

"नाई. विचाराचं माह्याकून राह्यलं."

आत्याला हे नीटसं कळलं नसावं, पण तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. चूक दुसऱ्याची असली की दुरुस्त होते, असा तिचा अनुभव होता. आता बंद करतो म्हणाली आणि डब्याचं झाकण तिने स्वतः लावलं. मग चाचरत विचारलं, की पुढच्या आखाडीपासून नाही तर त्याच्या पुढच्या तरी वाचता येईल का. जागृतीने मोबाईलचा टॉर्च लावला.

"आ कर."

आत्याने आ केला. वर भोक होतं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं. तिने ते फार वेळ बघितलं नाही. टॉर्च खाली घेतला, अंगठ्याने आत्याचा खालचा ओठ धरला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो उलटा केला. डाव्या बाजूला, रोज नस राहायची तिथे, कातडी पांढरी आणि जाड झाली होती, वाळलेल्या सायीसारखी सुरकुतलेली. तिने रुमालाचा कोपरा ओला करून ती जागा पुसली. दुसरा कोपरा घेऊन पुन्हा पुसली. ऊन आता दगडापर्यंत आलं होतं आणि टॉर्चची गरज उरली नव्हती, तरी तिने तो तसाच धरून ठेवला.

"दुखते काय इथं?"

ओठ जागृतीच्या हातात होता, त्यामुळे आत्याला बोलता येईना. तिने फक्त मान हलवली, नाही म्हणून. मग पोरीचा चेहरा बघून, तिला धीर यावा म्हणून, आणखी जोरात हलवली.