बाजेवरची सून

सत्यशीलाला पहिल्या बाळंतपणाचं विचारलं तर ती दुखण्यावर फार वेळ थांबत नाही. दुखलं, लय दुखलं, एवढं म्हणते आणि बाजेवर येते. बाजेचं सांगताना तिचा आवाज असा मऊ होतो, की ऐकणाऱ्याला वाटावं ही माहेरच्या कोणा माणसाबद्दल बोलते आहे.

बाज होती तिच्या सासऱ्याची, उकंडाची. राळेगावच्या अंगाला असलेल्या त्या गावात बाजेवर कोणी बसायचं आणि कोणी नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. पाटलाकडचं माणूस रस्त्यानं येताना दिसलं, की वस्तीतल्या माणसानं बाजेवरून उठून उभं राहायचं. ज्याला ही उठबस नको असे, तो बाज आत नेऊन भिंतीला उभी करून ठेवी. छप्पनच्या दसऱ्याला उकंडा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं पहिलं काम केलं ते हे, की बाभळीचे पाय तासले, अंबाडीची सुतळी वळली आणि नवी बाज विणून दारापुढे टाकली. पाटलाचा दिवाणजी समोरून गेला तेव्हा उकंडा बसून राहिला. दोन्ही हातांनी बाजेची कड धरून होता म्हणतात, पण उठला नाही. मग गावात बोलणी झाली, काही दिवस त्याला कोणी कामाला बोलावलं नाही, पुढे पुन्हा बोलावू लागले. बाज मात्र दारातून हलली नाही. तिच्यावर उकंडाखेरीज कोणी बसतही नसे. पोटचा लेक धर्मपाल बापाशी बोलायला आला तर जमिनीवर बसून बोले.

त्या घरात सत्यशीला धर्मपालची बायको होऊन आली. आईबापानं ठेवलेलं नाव दगडी. दीक्षेनंतर सत्यशीला झालं होतं आणि ते तिला फार आवडे. सासू रुखमाबाई तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याची. सासरा सुनेशी थेट बोलत नसे, तशी रीतच होती. काही सांगायचं झालं तर तो रुखमाबाईला सांगे, ती नसली तर कोंबड्यांना सांगे. "पानी प्यावं वाटून राह्यलं बापा," असं तो अंगणात म्हणाला, की सत्यशीलानं तांब्या आणून ठेवायचा.

कापसाची वेचणी जोरात होती तेव्हा तिला दिवस भरत आले होते. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरला की त्याचं ओझं पुढे ओढायचं, आणि एक दिवस सरीतून पाय उचलताना ओटीपोटाखालचं हाड मधोमध उसवल्यासारखं झालं. तिथून ते रोजचं झालं. उंबरा ओलांडताना एक पाय उचलला की डोळ्यांत पाणी येई. कुशीवर वळताना आत काहीतरी कट्‌कन वाजे. लुगडं नेसायला भिंत लागे. सगळ्यांत वाईट म्हणजे खाली बसणं, आणि त्याहून वाईट खालून उठणं. आणि बाईचा सारा दिवस तर खालीच जातो. चूल खाली, जातं खाली, भांडी खाली.

"कुठी दुखते ते तं सांग," रुखमाबाई म्हणाली.

सत्यशीलानं मान खाली घातली. त्या जागेचं नाव बाईनं बाईपुढंही घ्यायचं नसतं. "कंबरच म्हना ना आत्याबाई," ती म्हणाली.

"कंबर तं माहीबी दुखते."

शेजारची तानाबाई तर वाटच पाहत असे. "आमी पऱ्हाटीत बाळंत झालो न वटीतला कापूस घेऊन घरी आलो. आताच्या पोरी नाव बदललं की नाजूक होते का वं?"

रुखमाबाईनं सुनेची बाजू घेतली नाही. ते सत्यशीलाला हाडापेक्षा जास्त लागलं. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. जे दिसत नाही ते दुखतं हे कोणाला कसं दाखवायचं?

मग राळेगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, लीलाबाई, लस टोचायला म्हणून गावात आल्या. रुखमाबाईनंच त्यांना आत बोलावलं, म्हणजे तिच्या मनात काही चाललं असणार. लीलाबाईंनी सत्यशीलाला भिंत धरून एका पायावर उभं राहायला सांगितलं. तिनं पाय उचलायला घेतला आणि ती पांढरी पडली, पाय खालीच राहिला. लीलाबाईंनी दोन्ही बाजूंनी कमरेची हाडं हातांनी आवळून धरली आणि म्हणाल्या, "आता उचल." पाय उचलला गेला. सत्यशीलाला रडूच आलं.

"बाई, हे नखरे नाहीत," लीलाबाई रुखमाबाईला म्हणाल्या. "लेकराला वाट व्हावी म्हणून हाडांचे सांधे सैल पडतात. हिचा जरा जास्तच पडलाय. मरणाचं काही नाही, पण जपायला हवं. असा पट्टा बांधायचा, पोटावर नाही, खाली, कुल्ल्यांवरून." त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधून दाखवली. "वळताना, उठताना दोन्ही गुडघे जोडून. कडेवर घागर नाही. आणि जमिनीवर बसायचं नाही. उंच बसायचं."

एवढं सांगून त्या पुढच्या घरी गेल्या. सोपं सांगितलं असंच त्यांना वाटलं असणार.

घागरीचं धर्मपालनं पाहिलं. विहिरीवर बायकांच्या रांगेत उभा राहून पाणी आणू लागला. "काय धर्मपाल, पुढच्या साली वटी भरू का तुही?" असं बायका म्हणत, आणि तो म्हणे, "भरा, पन नारळ मोठा आना." पट्टा रुखमाबाई रोज सकाळी स्वतः आवळून देई. राहता राहिलं उंच बसणं. घरात उंच जागा एकच होती आणि ती दारात होती. सासऱ्याच्या देखत सुनेनं बाजेवर बसणं ही गोष्ट कोणाच्या तोंडातून निघालीसुद्धा नाही. सत्यशीलानं कोंबड्यांचं डालं उलटं घालून त्यावर बसून पाहिलं. दोन दिवस ते टिकलं. तिसऱ्या दिवशी कडकन बसलं, आतली खुडूक कोंबडी ओरडत बाहेर पळाली, आणि सत्यशीला हसता हसता कळवळली, कारण हसलं तरी ते हाड दुखे.

एक दिवस उकंडा वस्तीत बांधायच्या विहाराच्या बैठकीला राळेगावला गेला. रुखमाबाई शेतात. ऊन चढलं, पाय भरून आले, आणि सत्यशीला बाजेच्या कडेला टेकली. नुसती टेकायचीच होती. पण जमिनीपासून वर आलेल्या त्या दोरांवर बसल्याबरोबर हाडाला असा विसावा मिळाला, की तिनं गुडघे जोडून पाय वर घेतले आणि तिचा डोळा लागला.

उकंडा भरदुपारी परतला तो दोन पाहुणे घेऊन. बैठकीत कोणीतरी बाजेचा किस्सा काढला होता आणि हे दोघे ती बाज पाहायला मुद्दाम आले होते. बाजेवर सून झोपलेली.

ती जागी झाली, पदर सावरला आणि घाईत एक पाय खाली टाकला. तिथंच चुकलं. हाड असं वाजलं की तिनं दोरी मुठीत धरली ती धरलीच. उठता येईना, बसता येईना. पाहुण्यांनी भले लोक म्हणून तोंडं फिरवली, निंबाकडे पाहू लागले. उकंडानं घोंगडी आणून जमिनीवर टाकली आणि पाहुण्यांना त्यावर बसवलं. बाजेकडे त्यानं पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर रुखमाबाई शेतातून आली. तोवर सत्यशीला कशीबशी भिंत धरून आत गेली होती. दाराआडून तिला सगळं ऐकू येत होतं.

"उद्या गाडी जुंपून हिले माहेरी धाडून दे," उकंडा म्हणाला. "बाळंत होऊन येऊ दे."

सत्यशीलानं दाराची चौकट धरली. माहेर लांब, आणि वाट म्हणजे काळ्या रानातल्या वाळलेल्या चाकोऱ्या. बैलगाडीचा एकेक धक्का कुठं बसणार हे तिला ठाऊक होतं. त्या गाडीतून आपण धड उतरू का, आणि उतरलो तरी पुन्हा चालू का, हे तिला सांगता येत नव्हतं.

"काहून?" रुखमाबाईनं विचारलं.

"काहून काय इचारते. पाव्हन्यायच्या म्होरं बाजीवर झोपून राह्यली. उठलीबी नाई."

"तिले उठता येत नाई."

"मर्यादा हाये का नाई काई?"

रुखमाबाईनं डोईवरचा भारा खाली टाकला, त्याचा आवाज झाला. "तुमी नागपूरहून आले तवा मले काय सांगतलं? म्हने आता कोनी कोनाले उठवाचं नाई. मी अडानी बाई, मी तेवढंच ध्यानात ठेवलं. तुमी इसरले का?"

"ते येगळं होतं. ते पाटलाचं होतं. हे घरचं हाये, मर्यादेचं हाये."

"दिवानजीबी तं मर्यादाच म्हने," रुखमाबाई म्हणाली.

उकंडानं जोडा घातला आणि तो निघून गेला. त्या दिवशी तो जेवायलाही दिवे लागल्यावर आला. गाडीचं नाव कोणी काढलं नाही. भाकर मोडताना रुखमाबाई सुनेला म्हणाली, "मलेबी आधी खरं वाटलं नोतं, पोरी. नर्सबाईनं धरलं न तुहा पाय उचलला, तवा वाटलं." एवढंच. सत्यशीलानं त्या रात्री अर्धी भाकर जास्त खाल्ली, इतकं तिला बरं वाटलं.

सकाळी अंगणात ठोकाठोक ऐकू आली. उकंडानं बाज उलटी करून पायथ्याची दोरी ताणून ताणून पक्की केली होती, झोळ काढून टाकला होता. मग ती सुलटी करून, चारी पायांखाली विटा लावून, निंबाखाली सावलीत टाकली. विटा विहाराच्या पायासाठी आणलेल्या ढिगातल्या होत्या.

"काम झालं का वापस द्याच्या हायेत," तो कोंबड्यांना म्हणाला. "कोनाले बसाचं असन त बसा म्हना. उंच झाली आता."

सत्यशीला दारात उभी होती. तिला वाकून त्याच्या पाया पडायचं होतं, पण वाकताच येत नव्हतं. तिची घालमेल पाहून रुखमाबाई म्हणाली, "राहू दे. जाऊन बस. त्याच्यासाठीच तं केलं बुढ्यानं."

मग ती बसली. तिथं बसूनच तिनं भाजी निवडली, डाळ पाखडली, सुतळीसाठी अंबाडी सोलली. तानाबाई येऊन पाहून गेली. "आता झुलाबी टांगा वं तिच्यासाठी," म्हणाली. "तुह्या सुनेलेबी पाठव," रुखमाबाईनं सांगितलं, "जागा हाये."

पौषात मुलगी झाली, जया. बाळंतपणाला लीलाबाई आल्या आणि त्यांनी गुडघे फार फाकू दिले नाहीत, कुशीवरच बाळंत केली. लेकरू बाहेर आलं की दुखणं जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. नाही गेलं. बाळंतिणीचं पोट आवळून बांधायची रीत. रुखमाबाईनं ती मोडली आणि पट्टा खालीच बांधला. जयाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं सुख सत्यशीलाला नव्हतं, पाय लांब करून खाली बसवत नव्हतं. रुखमाबाई न्हाऊ घाली आणि लेकीला दुपट्यात गुंडाळून बाजेवर तिच्या हातात देई. कधी कधी सत्यशीलाला भीती वाटे, की आपण अशाच राहणार. ती बोलून दाखवी.

"नर्सबाई म्हने येळ लागते," रुखमाबाई म्हणे. "लागू दे. तुले कुठली येस्टी पकडाची हाये?"

आणि खरंच, अगदी सावकाश, ते उतरू लागलं. एक दिवस उंबरा ओलांडून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण चौकट धरली नव्हती. ती परत मागं आली आणि पुन्हा ओलांडून पाहिला. कोणाला सांगितलं नाही, दिवसभर मात्र गुणगुणत राहिली.

चैत्रातली सकाळ होती. सत्यशीला बाजेवर जयाला मांडीवर घेऊन बसली होती. उकंडा शेजारी जमिनीवर, पाय पसरून, अंबाडीचा पीळ घालत होता. लेकराच्या पाळण्याला दोरी हवी होती. रस्त्यानं पाटलाचा दिवाणजी आला. म्हातारा झाला होता, पण डोळे तेच. सत्यशीलानं आपोआप उठायला पाय उतरवायला घेतले. तो दारापुढे थांबला, बाजेकडे पाहिलं, मग खाली उकंडाकडे.

"का रे उकंडा," तो हसत म्हणाला, "बाज सुनेला दिली वाटतं. बसलास ना शेवटी खाली?"

उकंडाचा हात थांबला. सत्यशीलाला वाटलं, आता हा उठेल, रागानं किंवा जुन्या सवयीनं. तो उठला नाही. पीळ मांडीवर घासून त्यानं दोरी ताणून पाहिली.

"मी बसलो, दिवानजी," तो म्हणाला. "मले कोनी बसवलं नाई."

दिवाणजी "बरं बरं" म्हणून काठी टेकत पुढे गेला.

उकंडा दोरी वळत राहिला. निंबाची सावली सरकली होती, उन्हाची एक तिरीप जयाच्या कपाळावर आली होती. त्यानं ती पाहिली. आजूबाजूला रुखमाबाई नव्हती. कोंबड्या होत्या, पण त्यांच्याकडे तो वळला नाही.

"पोरीच्या तोंडावर ऊन आलं, सत्यशीला," तो म्हणाला. "सरक तिकडं."

"हो, मामाजी," ती म्हणाली, आणि दोन्ही गुडघे जोडून, हळूच, सावलीकडे सरकली.