म्बोक पोनियाह आडवी झाली तो दिवस

"माझा जामू पिणारा अंथरूण धरत नाही," हे म्बोक पोनियाह चाळीस वर्षं दारोदार सांगत आली होती. जामू म्हणजे पाल्यामुळ्यांचा काढा; पाठीवरच्या टोपलीत त्याच्या सात बाटल्या. त्यातली गुळवेलीची इतकी कडू, की तिच्यावर बसलेली माशी घरच्यांचा निरोपही न घेता गाव सोडून जाते, असं तिथले लोक शपथेवर सांगतात.

आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांना लस सुरू झाली आणि म्बोकच्या पायांना उसंत उरली नाही. जो तो टोचून घेई आणि दंड चोळत तिच्याकडे येई. जामूनं लशीला बळ येतं म्हणे.

"बळबिळ काही येत नाही," नर्स एंडांग म्हणाली. "पाणी प्या, भात खा, झोपा, एवढंच सांगत जा त्यांना."

"मी कुठं काय सांगते? तेच सांगतात, मी नुसतं ओतते."

"आणि तुमची लस?"

म्बोकला पळायला जागाच राहिली नाही; एंडांगनं तिथंच तिला सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी दंड तांदळाच्या पोत्यासारखा जड झाला. अंगात कणकण, डोळ्यांपुढे बाटल्या सातच्या चौदा. चटईवर एकच दिवस पडून राहावं, याहून जास्त तिला काही नको होतं. पण ती पडली असती, तर चाळीस वर्षांचं बोलणं खोटं पडलं असतं. तिनं टोपली उचलली.

जुनं गिऱ्हाईक असलेल्या पाक दिर्जोच्या ओट्यापर्यंत कशीबशी पोचली आणि मटकन बसली.

"काय गं, अंथरूण धरतेस की काय?" तो म्हातारा मिशीत हसला.

"बसलेय. बसणं वेगळं."

त्यानं गुळवेलीचा पेला भरून तिच्यापुढे धरला. "घे की मग. आम्हाला पाजतेस ना?"

म्बोकनं एक घोट घेतला. तोंड असं वाकडं झालं, की ओट्यावरची कोंबडी उठून दुसरीकडे गेली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच प्यायलीस, होय ना?"

"विकायचा माल कोण पितं?" ती म्हणाली आणि तिथंच आडवी झाली.

दिर्जोची जीभ दुपारपर्यंत अख्खं गाव फिरून आली. "बघा, केवढा जोर आहे जामूत. बनवणारीलाच झोपवलं." त्याच्या मुलानं तिला मोटारसायकलवरून घरी सोडलं, तेव्हा दारात एकोणीस माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला. "म्बोक, आम्हालाही तसलाच दे. दोन दिवस झोपवणारा."

धंदा असा चालून आला नव्हता कधी. म्बोकनं टोपलीकडे पाहिलं. मग चटईकडे.

"जामू संपला," ती म्हणाली. "पाणी प्या, भात खा, झोपा."

"आणि लशीला बळ?"

"ते लशीचं लस बघेल."

तिनं दार लावून घेतलं. बाहेर बराच वेळ पेले वाजत राहिले, पण ऐकायला ती जागी नव्हती.