वर्तुळाचा फोटो

बीदरहून निघालेली बस हुमनाबादला चहासाठी थांबली, तेव्हा ड्रायव्हरच्या हातातला कप हिसकावून घ्यावा असं मंजुश्रीला वाटलं. मांडीवर बर्फाची पेटी, पेटीत बोटाएवढी कुपी, आणि तिकडे कलबुर्गीच्या दवाखान्यात तिचे अप्पा सही करायला नकार देऊन बसलेले. अशा वेळी या माणसाला चहा सुचतोच कसा?

अप्पा म्हणजे निंबर्गा गावचे जंगम, लिंगायतांचे पुरोहित, गुरुपादय्या स्वामी. तूर कापलेल्या रानातून चालताना तोल गेला आणि धसकट डाव्या तळहातात घुसलं. निमित्त एवढंसं. पण हात सुजत गेला, एकामागून एक औषधं झाली आणि त्या जंतूंनी कशालाच दाद दिली नाही. आता डॉक्टर म्हणत होते, आज संध्याकाळच्या आत कोपराखालून हात काढायला हवा, नाहीतर माणूसच हाती लागणार नाही.

तोही डावा हात. ज्याच्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजा करायची अप्पांनी उभ्या जन्मात एकही सकाळ चुकवली नव्हती, तोच. तरी ते अडून बसले होते ते वेगळ्याच कारणासाठी. अडले होते लेकीच्या फोटोवर.

मंजुश्री बीदरच्या एका प्रयोगशाळेत माशीच्या अळ्यांवर काम करायची. कुजक्या घाणीत वळवळूनही या अळ्या सहसा आजारी पडत नाहीत, कारण त्यांच्या अंगात जंतू मारणारे प्रथिनांचे बारके तुकडे असतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. "जंगमाची लेक, आन् अळ्या पाळायलीस व्हय!" अप्पा चेष्टा करायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने तेच सांगायचे. हात चिघळल्यावर मंजुश्रीने त्यांच्या जखमेतला पू नेऊन बशीत जंतू वाढवले आणि त्यावर पेप्टाइडचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलेलं. तिथला एकूण एक जंतू मेलेला. तिला आनंद आवरेना. तिने उभ्या उभ्या फोटो काढून भावाला, प्रभुलिंगला, धाडून दिला आणि खाली लिहिलं, 'अप्पांचं औषध सापडलं.'

रक्ताची चाचणी तिने त्यानंतर केली. तेच औषध रक्तात मिसळलं तर तांबड्या पेशीही फटाफट फुटल्या. जंतू कोण आणि माणूस कोण, हे त्याला कळतच नव्हतं. चाचणी आधी आणि फोटो नंतर, हे कालच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. तिला मात्र बापावरच्या मायेपोटी तेवढाही दम निघाला नव्हता.

दवाखान्याच्या दारात प्रभुलिंग वाटच पाहत होता.

"आणलीस?"

"आणली. पण लावणार न्हाई."

"मग आणलीस कामून?" त्याचा आवाज चढला. "जरा लावून तर बघ की! अप्पा म्हणायलेत, माझ्या लेकीचं औषध असताना हात कामून तोडू? तुझ्याच फोटोवर बसलेत ते."

खाटेवर अप्पा तापाने फणफणले होते. डावा हात उशीवर, गुंडाळलेला, ओळखू न येण्याइतका फुगलेला. तिला पाहताच ते हसले, आणि त्या हसण्यानेच तिचा निर्धार मोडायला आला. लावूनच टाकावं एक थेंब, कुणी सांगावं, लागूही पडेल. पेटीच्या झाकणावर तिचा हात गेलासुद्धा. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची भीती वाटली.

"अप्पा, ह्ये औषध तुमचं रगत फोडंल."

"घाबरायलीस तू. आपला माणूस म्हणलं की हात थरथरतोच."

सांगून उपयोग नव्हता. हे ओळखूनच तिने कुपी सोबत आणली होती. तिने डॉक्टरांकडून अप्पांच्या रक्ताचे काही थेंब मागून घेतले. ती नुसती सांगून नव्हे, दाखवून पटवणार आहे हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "करा, पण लवकर करा." दोन नळ्यांत मिठाचं पाणी, दोन्हींत सारखं रक्त. एकीत तिने कुपीतलं औषध टाकलं, दुसरीत काहीच नाही. नळ्या खाटेशेजारी उभ्या करून ती वाट पाहायला लागली. अप्पांचा श्वास जोराने चालला होता. प्रभुलिंग दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचा. वेळ वाया जातोय आणि तो आपणच घालवतोय, हे मंजुश्रीला कळत होतं.

हळूहळू साध्या नळीतलं रक्त तळाशी बसलं, वर निवळ पाणी राहिलं. दुसऱ्या नळीत तळाला काहीच बसलं नाही. ती वरपासून खालपर्यंत सरबतासारखी लाल झाली, पलीकडचं दिसेल इतकी आरपार.

"ह्ये माझं रगत?" अप्पांनी विचारलं.

"तुमचंच. बसायला पेशीच न्हाईत राहिल्या. माझं चुकलं अप्पा. फोटो धाडायची घाई केली मी."

अप्पांनी दोन्ही नळ्या एकेक करून निरखल्या. मग उजवा हात पुढे करून म्हणाले, "पेन दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीवर होते. ताप उतरला होता. डाव्या कोपराखाली नुसतं बँडेज. सवयीने त्यांचा उजवा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे गेला. त्यांनी लिंग बाहेर काढलं आणि तिथेच अडकले. ठेवायचं कशावर? त्यांचं लिंग आजवर कुणाच्या हाताला लागलं नव्हतं. मंजूच्या आईच्यासुद्धा नाही.

"मंजू, हात धुऊन ये. डावा पुढं कर."

तिने तळहात पसरला. अप्पांनी लिंग त्यावर ठेवलं, उजव्या हाताने विभूती लावली, प्रभुलिंगने आणलेलं बेलाचं पान वाहिलं. डोळे मिटून बराच वेळ काही पुटपुटले. मग न उघडताच म्हणाले, "अळ्या सोडू नगंस. पर फुडच्या टायमाला रगत आधी बघ, मग फोटो धाड."

मंजुश्रीला रडू फुटत होतं. पण तिने दात आवळून ते आत दाबलं, कारण रडली असती तर हात हलला असता.