चांदण्या रात्रीचा पडदा

कापडावरचा ओला निळा रंग वाळताना आधी कडेला फिका होतो, मग मध्ये. तो पुरता वाळेपर्यंत डोंगर जवळचा की लांबचा, हे सांगता येत नाही. म्हणून मी ब्रश बाजूला ठेवून थांबले होते.

वडशाच्या एका बंद राइस मिलमध्ये भरदुपारी नाटकाचा पडदा जमिनीवर पसरला होता. जंगल, तळं, पौर्णिमेचं चांदणं. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं सुरू होतात. प्रवीण त्यांचे पडदे रंगवतो. मी वरोऱ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एकदा नाटक संपल्यावर मी त्याला म्हणाले होते, की तुमचे लांबचे डोंगर अंगावर येतात, त्यांत पांढरा मिसळून बघा. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत लांबचे डोंगर माझ्याकडे असतात.

दुसऱ्या वर्षी त्यानं लग्नाचं विचारलं. एकटीनं राहायची सवय मुरली होती. मी "सांगते" म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वरोऱ्याच्या गच्चीवर चांदणं पडलं, की तो आत्ता कुठला रंग कालवत असेल, एवढंच मनात येत राहतं.

त्याची मोठी बहीण आशाबाई चहा घेऊन आली.

"मॅडम, तुमचा चांद उगवते का नाई? चहा थंडा होऊन राह्यला."

"चांद माह्याकडं आहे," प्रवीण म्हणाला. ओल्या फडक्यानं तो चंद्राची कड पुसत होता. कड विरली आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर पसरला.

"पुढच्या साली तुमाले तरास नाई," तो वर न बघता म्हणाला. "नाटक कंपनीवाले नागपूरवरून फ्लेक्सचे पडदे छापून आणून राह्यले."

"मग तुम्ही?"

"दुकानाचे बोर्ड रंगवीन."

"बोर्डावर कुठी डोंगर असते?" आशाबाई म्हणाली. "मग मॅडम कायले येतीन इथी?"

पुढच्या दिवाळीत वडशाच्या गाडीत बसायला माझ्याकडे काही निमित्त उरणार नव्हतं. चहाचा कप मी तसाच धरून होते.

"प्रवीणजी, तुम्ही मले एक विचारलं होतं."

त्याचा हात थांबला. आशाबाई रिकामा ट्रे उचलून निघाली.

"बसा बाई," मी म्हणाले. "तुमच्यासमोरच सांगते. माझं हो आहे."