उसनी पांढरी जर्सी

कुंभार पिंपळगावच्या बाजारतळावरील मंडपात निवेदकाने ‘सर्वोत्तम तरुण सायकलपटू’ म्हणून अक्षतचे नाव पुकारले, तेव्हा टाळ्यांचा चांगला कडकडाट झाला. तो आपल्यासाठी नाही, हे अक्षतइतके नीट त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हते. पाहुण्यांनी त्याच्या अंगात पांढरी जर्सी चढवली, मागची चेन ओढली, हातात फुलांचा गुच्छ दिला. त्याच्या शेजारी, एक पायरी वर, बुद्धभूषण उभा होता. त्याच्या अंगात पिवळी जर्सी होती.

शर्यत दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी जालन्याहून अंबड, घनसावंगी करीत कुंभार पिंपळगाव. दुसऱ्या दिवशी तिथून आष्टी, परतूर, वाटूर फाटा असे वळसा घालून पुन्हा जालना. मोठ्या व्यावसायिक शर्यतींचे नियम आयोजकांनी जसेच्या तसे उचलले होते. दोन्ही टप्प्यांचा मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल त्याला पिवळी जर्सी, आणि तेवीस वर्षांखालच्या मुलांत ज्याचा वेळ सर्वांत कमी असेल त्याला पांढरी. पहिला टप्पा बुद्धभूषणने अशा काही वेगाने मारला की दोन्ही जर्स्या त्याच्याच झाल्या. आता एका अंगावर दोन जर्स्या कशा चढणार? त्यासाठीही नियम होताच. मानाची मोठी जर्सी मालकाने घालायची आणि धाकटी जर्सी तरुणांत दुसरा आलेल्याने त्याच्या वतीने घालून दुसऱ्या दिवशी शर्यत पळायची. तरुणांत दुसरा अक्षत होता, पाऊण मिनिटाने मागे.

‘वतीने’ हा शब्द निवेदकाने उच्चारला होता, पण तो टाळ्यांत बुडाला. आयोजकांनी काढलेल्या छायाचित्रात तर तो कुठेच दिसत नव्हता. छायाचित्र जालन्याला पोचले आणि अर्ध्या तासात अक्षतच्या आजोबांचा, बजरंगलालजींचा फोन आला. मोंढ्यातल्या आपल्या भुसार दुकानात त्यांनी पेढे मागवले होते. हमालांपासून शेजारच्या आडत्यांपर्यंत सगळ्यांचे तोंड गोड करून झाले होते. नातू सायकलवर वर्षे वाया घालवतो आहे असे ज्यांनी ज्यांनी म्हटले होते, त्या सगळ्यांना त्यांनी आवर्जून दोन दोन पेढे दिले होते. अक्षतची आई शिखा मागून काहीतरी विचारत होती. तिचा आवाज रडल्यासारखा येत होता.

“दादाजी, ते असं आहे की,” अक्षतने सुरुवात केली.

पलीकडे आजोबा ऐकण्यासाठी थांबले. त्या थांबण्यात एवढे सुख होते की अक्षतने पुढचे वाक्य बदलले. “उद्या शर्यत संपते तिथं या सगळे,” एवढेच तो म्हणाला.

येत्या वर्षी तो तेविशीत जाणार होता. म्हणजे पांढऱ्या जर्सीसाठी त्याची ही शेवटची शर्यत होती. पुढे तो केवळ एक सायकलपटू उरणार होता, आणि केवळ सायकलपटू म्हणून आपण कितपत आहोत याचा त्याला पुरता अंदाज होता. म्हणूनच ती जर्सी त्याला हवी होती. आणि ती आड येऊन अडवणारा कुणी परका असता, तर त्याने ते सोसलेही असते.

परंतु तो बुद्धभूषण होता. दोन वर्षांपूर्वी आष्टीहून संघात आला तेव्हा कोपरे बाहेर काढून, एका अंगावर कलून सायकल चालवणारा. त्याला चालत्या सायकलवर पाणी प्यायला अक्षतने शिकवले. पुढच्याच्या चाकाशी चाक भिडवून वाऱ्याच्या आडोशाला कसे बसायचे, हेही अक्षतनेच दाखवले. सगळे शिकून झाल्यावर त्याची कोपरे मात्र बाहेरच राहिली आणि तशाच वेड्यावाकड्या बैठकीत तो अक्षतच्या पुढे निघून जाऊ लागला. अक्षतला त्याच्या जिंकण्याहून त्याच्या सहजपणाचा अधिक हेवा वाटे. चढावर आपल्या कानांत ठोके पडत असताना हा पोरगा शेजारच्या रानातल्या तुरीकडे बघून यंदा शेंगा चांगल्या धरल्या आहेत असे म्हणू शकतो, हे त्याला असह्य होई. स्वतःशी तो याला वेगवेगळी नावे देई: थकवा, चिंता, शिस्तीचा आग्रह. हेवा हे नाव तो देत नसे.

संघाचा मुक्काम गावातल्या मंगल कार्यालयात होता. पंगतीला बसल्यावर पोरांना पिवळ्या जर्सीचे निमित्त मिळाले. नवरदेवाला हळद लागली, कार्यालयही आयते आहे, आणि अक्षता तर आपण जालन्याहून सोबतच आणल्या आहेत, असे कुणीतरी अक्षतकडे बघत म्हटले. सगळे हसले. बुद्धभूषण तर भाताचा घास हातात धरून हसत राहिला. अक्षतही हसला. जेवणानंतर प्रशिक्षक तातेराव सरांनी उद्याची कामे वाटून दिली. पुण्याचा एक मुरलेला सायकलपटू पिवळ्या जर्सीच्या जवळ होता. त्याच्यापासून बुद्धभूषणला सांभाळायचे होते. दोघांच्या सायकलींना सरांनी सारखीच चाके बसवून घेतली होती. बुद्धभूषणचे चाक पंक्चर झाले आणि संघाची जीप जवळ नसली, तर अक्षतने आपले काढून द्यायचे. “तू त्याची सावली,” सर म्हणाले. अक्षतने मान हलवली.

मागच्या अंगणात नळावर बुद्धभूषण आपली पिवळी जर्सी धूत होता. अक्षत दिसताच त्याने ओला हात पुढे केला.

“द्या दादा, तुमची बी धुतो. एका साबणात दोन निघतेत.”

“माझी मी धुईन.”

“तसं न्हाई. ती पांढरी आईला द्यायचीय मला. पिवळ्यात काय, म्हणते ती, हळदीला बसल्यावानी दिसून राह्यला तू. तिला पांढरीच पाहिजे. जयंतीला पांढरं लुगडं नेसते ना, त्याच्यासंग पेटीत ठिवणार हाय. म्हणून म्हणलं, डाग न्हाई पडला पाहिजे.” मग तो हसत म्हणाला, “तिला सांगितलं म्या, जर्सी माझीच हाय, नुसती अक्षतदादाच्या अंगावर हाय.”

त्यात टोमणा नव्हता. सरळ गोष्ट सरळ सांगितली होती. अक्षतने जर्सी स्वतः धुतली, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ, आणि दोरीवर पिवळीपासून दूर, दुसऱ्या टोकाला वाळत घातली.

सकाळी घोळका निघाला. आष्टीच्या फाट्यावर माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटली होती. बुद्धभूषणची आई बेबीनंदा पांढऱ्या लुगड्यात पुढेच उभी होती. मुलगा समोरून गेला तेव्हा तिने एक हात वर केला. मागोमाग अक्षत आला तेव्हा तिने दुसराही हात वर केला आणि शेजारणीला बोटाने त्याची जर्सी दाखवली. दोन्ही आपल्याच म्हणून. अक्षतला आपल्या पाठीवर तिची नजर पुढे कितीतरी वेळ जाणवत राहिली. एखादे भांडे शेजारी दिल्यावर बाई जशी जाता येता त्याच्यावर नजर ठेवते, तशी ती नजर होती.

परतूर सोडल्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली आणि संघाची जीप तिच्यामागे अडकली. नेमक्या त्याच वेळी पुण्याचा तो सायकलपटू निसटला. बुद्धभूषण त्याच्यामागे झेपावला आणि अक्षत सावलीसारखा बुद्धभूषणच्या मागे. वाटूर फाट्याच्या अलीकडे पुलावर खडी सांडलेली होती. बुद्धभूषणचे मागचे चाक फुसफुसत बसले. तो डाव्या कडेला गेला, खाली उतरला, चाक मोकळे करून हातात घेतले आणि मागे वळून पाहिले.

अक्षत तेव्हा चार सायकलींच्या अंतरावर असेल. थांबायचे, उतरायचे, चाक द्यायचे: हे त्याच्या हातापायांना इतके ठाऊक होते की बोटे आपोआप ब्रेकवर गेलीही. पण त्याच घटकेला त्याचे लक्ष बुद्धभूषणच्या चेहऱ्याकडे गेले. त्या चेहऱ्यावर घाबरल्याची एकही रेघ नव्हती. दादा येतोय, चाक देणार, आपण पुढे निघणार, असा तो निश्चिंत चेहरा होता. जसा काल नळावर होता. जे आपले आहे ते आपल्याकडे येणारच, असे मानणारा. अक्षतने नजर खाली, पुढच्या चाकावर वळवली आणि बोटे ब्रेकवरून उचलली.

“दादा!” हाक आली. मग पुन्हा, “ओ अक्षतदादा!”

तो पायडल मारत राहिला. मागून येणारा घोळका त्याला मिळाला आणि त्या चाकांच्या घरघरीत सगळे सोपे झाले.

जालन्याला पोचेपर्यंत पुण्याच्या सायकलपटूने पिवळी जर्सी जिंकली होती. जीप येईपर्यंत पुलावर खोळंबलेला बुद्धभूषण फार उशिरा आला आणि शेवटच्या रेषेपलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली बसून राहिला. तरुणांत पहिला अक्षत होता. तातेराव सरांनी त्याला, तू कुठे होतास, एवढेच विचारले. आपण पुढे होतो, दिसले नाही, असे अक्षतने सांगितले. सरांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि ते जीपकडे वळले. अक्षतला वाटले, बुद्धभूषणकडे आपणच जाऊन काहीतरी बोलावे. तो गेला.

“हाक ऐकू आली न्हाई का दादा?” बुद्धभूषणने वर न पाहता विचारले.

“वारा होता.”

बुद्धभूषणने मान हलवली. पुलावर वारा पाठीमागून होता. मागून पुढे हाक नेणारा. वारा ओळखायला ज्याने शिकवले आणि जो शिकला, त्या दोघांत याची चर्चा करण्याची गरज नव्हती.

पांढरी जर्सी अक्षतच्या अंगात पुन्हा चढवली गेली. या खेपेस निवेदकाने ‘वतीने’ म्हटले नाही. खाली घरची मंडळी उभी होती. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण त्या कालच्या आनंदातून उरलेल्या होत्या. अक्षत उतरून आला तेव्हा बजरंगलालजींनी त्याची पाठ थोपटली आणि जर्सीचे कापड दोन बोटांत धरून पाहिले.

“कालचीच आहे का रे ही? मला वाटलं, आज आणखी काही मिळतं. बराबर आहे, टिकवणंही सोपं नाही. पेढे मात्र कालच झाले आपले.”

आजची खरी आहे, असे सांगायला अक्षतने तोंड उघडले. आजची खरी म्हटले की काल काय होते ते सांगावे लागणार होते, आणि आजची कशी आली तेही. त्याने हातातला गुच्छ आजोबांना दिला.

तेवढ्यात आष्टीहून माणसे घेऊन आलेली एक जीप थांबली. बेबीनंदा उतरली. निकाल तिला कुणी सांगितलेला नव्हता. गर्दीत तिला पांढरी जर्सी दिसली आणि ती थेट तिच्याकडे आली. हातात घडी घालून आणलेली कापडी पिशवी होती; चालता चालताच तिने ती उलगडली.

“लई उपकार झाले दादा तुमचे, दोन दिस सांभाळली माझ्या लेकाची,” ती म्हणाली. “आता देता का काढून? हितंच घडी घालून घेते.”

गुच्छातली फुले सारखी करणारे बजरंगलालजींचे हात थांबले. “कुणाची?” त्यांनी विचारले.

“बुद्धभूषणची, बाबा. दोन्ही त्याच्याच हायेत. एका अंगावर दोन बसत न्हाईत म्हणून तुमच्या नातवानं घातलीय.”

आजोबांनी नातवाकडे पाहिले. रागाने नाही, मोंढ्यात एकेका माणसाला बोलावून दिलेला पेढा ते मनातल्या मनात परत मागत असावेत, असे त्यांचे डोळे झाले होते.

“काल ही तुझी नव्हती?”

“नव्हती,” अक्षत म्हणाला. दोन दिवसांतले त्याचे ते पहिले खरे बोलणे होते. “आज माझी आहे.”

“आज कशी?” बेबीनंदाने विचारले. तिला खरोखरच कळले नव्हते.

“त्याचं चाक पंक्चर झालं. उशीर झाला त्याला.”

“अगं माय. लागलं बिगलं तर न्हाई ना?”

“नाही.”

“मंग काय न्हाई.” तिने सुटकेचा श्वास सोडला. पिशवीची घडी पुन्हा घालता घालता ती सहज म्हणाली, “तुम्ही तर संगच होता ना त्याच्या. सर म्हणलेले, म्हणं, सावलीवानी राहायचं.”

आजोबा उत्तराची वाट बघत होते. आई शिखाही आता जवळ येऊन उभी राहिली होती. अक्षतचा हात मागे गेला, मानेखालच्या चेनीपर्यंत पोचला. एक झटका दिला असता तर जर्सी अंगावेगळी झाली असती. त्याच्या मनात ते आलेही. पण चेनीचे टोक बोटांत धरून तो तसाच उभा राहिला, आणि ते खाली ओढायला त्याचा हात काही केल्या तयार होईना.

“राहू द्या, घाला. नियमानं आली ती,” बेबीनंदा म्हणाली आणि मुलाला शोधायला लिंबाकडे गेली.

तिथे बुद्धभूषण उठून उभा राहिला होता. अंगात पिवळी नव्हती, पांढरी नव्हती. संघाची जुनी, खांद्यावर विटलेली जर्सी होती. आईने पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, त्याच्या फुटलेल्या ट्यूबविषयी काहीतरी विचारले असावे, आणि तो तिला हातवारे करून सांगू लागला: खडी, पूल, चाक. एका ठिकाणी तो अडखळला. अक्षतच्या दिशेने एकदा बघून त्याने तेवढा भाग गाळला आणि पुढचे सांगितले. मग कशावरून तरी ती दोघे हसली.

अक्षत मांडवाखाली पांढऱ्या जर्सीत उभा होता, चेन अजून बोटांत, आणि त्याला त्या हसण्याचा हेवा वाटत होता.